दिवा व इतर

कोपरी, ठाणे (पूर्व)
रविवार, ११ जानेवारी २०२६

प्रिय नंदाताई,

तुला आणि दगडू भावोजींना वाकून नमस्कार. इकडे आम्ही तिघंही मजेत आहोत. तुम्ही दोघंही मजेत असाल असं धरून चालते, कारण विचारायची सोय तू ठेवलेली नाहीस.

पत्र बघून दचकू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. गेला आठवडाभर माझ्या प्रत्येक मेसेजला एकच टिक येतेय. आधी वाटलं तुझं नेट संपलं. मग वाटलं, तुझा फोन परत पाण्याच्या पिंपात पडला. शेवटी अमृताने माझ्या हातातून फोन घेतला, दोन सेकंद बघितलं आणि म्हणाली, "आई, मावशीचा फोटोपण गेलाय. ब्लॉक केलंय तिने तुला." मी म्हटलं, शक्यच नाही. ताईला साधा फोटो पाठवायचा तर भावोजींना हाक मारावी लागते, ती कसली ब्लॉक करतेय! तर आमचा नवरोबा सुदेश पेपरातून डोकं न काढता म्हणतो, "राग आला की माणूस सगळं शिकतं."

फोन लावला तर लागत नाही. म्हणून हे पाकीट. पोस्टात तिकीट घ्यायला गेलेले, तर खिडकीतला मुलगा पत्ता वाचून म्हणाला, "मॅडम, दिवा? गाडीने जाल तर पंधरा मिनिटांत पोचाल." म्हटलं, मला माहितेय बाबा, तू तिकीट दे. मी येऊन दाराशी उभी राहिलेही असते गं. पण तू दार उघडशील, चहा देशील, वर खारी देशील आणि एक शब्द बोलणार नाहीस. पंचावन्न वर्षं ओळखते मी तुला. ते मला झेपत नाही.

आता बसल्या बसल्या काय झालं सांगू? एकतीस वर्षं पोरांना इंग्रजी शिकवलं ना, त्याची खोड जात नाही. फळ्याच्या मध्ये एक शब्द लिहायचा आणि पोरांकडून त्याचे जितके वापर निघतील तितके काढायचे, ही माझी पद्धत. तू म्हणायचीस, "त्यांना एक अर्थ धड येत नाही, तू दहा कशाला शिकवतेस?" हा 'ब्लॉक' मी कधी वर्गात घेतला नव्हता. तू केलंस तेव्हापासून डोक्यात घोळतोय. आणि गंमत बघ, आपल्या घरात ह्या एका शब्दाने किती कामं केलीत!

पहिला मान बाबांच्या ब्लॉकचा. शहात्तर साली चाळीतली खोली सोडून आपण डोंबिवली पश्चिमेला राहायला गेलो, तेव्हा बाबा 'घर घेतलं' असं कुणाला म्हणालेच नाहीत. 'आम्ही ब्लॉक घेतला.' वाण्याला, दूधवाल्याला, गाडीत शेजारी बसलेल्या परक्या माणसाला. 'सेल्फ कन्टेन्ड ब्लॉक' असं ते इतकं सावकाश म्हणायचे की समोरच्याला वाटावं, ह्यांना कुठली तरी पदवी मिळालीय. आणि चाळीतली सगळी मंडळी घरातला संडास बघायला आलेली! बाबुरावकाकांनी साखळी ओढून बघितली, मग काकूंनी, मग त्यांच्या चार पोरांनी. तू बारा वर्षांची, दाराशी उभी राहून रांग लावत होतीस. "एकाने एकदाच ओढायची!" आई बिचारी तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात, की ही काय पाहुण्यांना दाखवायची वस्तू आहे? वरच्या टाकीतलं पाणी संपलं तेव्हा कुठे लोक चहाला बसले.

मग भावोजींचा. अँजिओग्राफीनंतर डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, दोन ब्लॉक निघालेत. आपण दोघी एकमेकींचा हात धरून रडायच्या बेतात, आणि आतून स्ट्रेचरवरून भावोजी म्हणतात, "अहो, जन्मभर राबून एक ब्लॉक झाला माझा, तुम्ही न विचारता दोन काढलेत?" डॉक्टर मास्कच्या आत हसले होते. मी बघितलं.

रविवारचा रेल्वेचा ब्लॉक तर विचारू नकोस. अमृताच्या साखरपुड्याची तारीख काढताना गुरुजींनी पंचांग उघडलं आणि सुदेशने रेल्वेचं पत्रक. गुरुजींच्या तीन तारखा सुदेशने ब्लॉक आहे म्हणून उडवल्या. गुरुजी वैतागून म्हणाले, "मग तुम्हीच सांगा मुहूर्त!"

शिवाय आमच्या गल्लीत परत पेव्हर ब्लॉक उखडलेत. एकावर पाय दिला की शेजारचा वर येतो आणि साडीवर चिखल. सुदेश म्हणतो, अगदी आपल्या नातेवाइकांसारखे, एकाला चेपलं की दुसरा उठतो. हॉलचा फॉर्म ब्लॉक लेटरमध्ये भरा म्हणाले, मी भरला, तरी पावतीवर 'विनिता'चं 'वनिता' झालंच. आणि तू अमृताला दिलेली ती ब्लॉक प्रिंटची साडी तिने परवा ऑफिसात नेसली. सगळ्या मुलींनी कुठून घेतली म्हणून विचारलं. "मावशीने दिली" म्हणाली आणि घरी येऊन माझ्याशी दोन तास बोलली नाही.

ते का, तर त्या टाइमटेबलमुळे. आता मुद्द्यावर येतेच.

हल्लीची पोरं तारीख ठरवत नाहीत, ब्लॉक करतात. अमृता म्हणाली, "आई, केळवणाला चौदा घरं बोलावतायत, आणि लग्न बावीस फेब्रुवारीला. कुणी कधी, ते आधीच ब्लॉक करून टाक." मला काय, टाइमटेबल म्हणजे जन्माचं काम. संक्रांत झाल्यावर सुरू करायचं. पोरांची धावपळ नको म्हणून स्टेशनवार लावलं. मुलुंडच्या जाऊबाई, मग ठाण्याची दोन घरं, मग कळवा, डोंबिवली, कल्याण. आणि शेवटच्या ओळीत लिहिलं: 'दिवा व इतर. एकत्र केळवण. कोपरीचा हॉल, दुपारी साडेबारा.' दहा वाजता ग्रुपवर टाकलं. दहा वाजून अकरा मिनिटांनी तू ग्रुपमधून बाहेर पडलीस, हे करड्या अक्षरांत सगळ्यांनी वाचलं.

ताई, मी पाण्याचा विचार केला गं. तुमच्याकडे दिवसाआड पाणी, तेही सकाळी कोंबडं आरवायच्या सुमारास. त्यात तू साखरपुड्यालाच जाहीर केलेलंस की पहिलं केळवण तुझ्याकडे, आणि नुसत्या पोरांना नाही, व्याही-विहिणींनाही घेऊन यायचं. अकरा माणसं म्हणजे भांडी किती! तुझे गुडघे असे. हॉलमध्ये नळाला पाणी, वाढायला माणसं, तुला आयतं पानावर बसता आलं असतं. ह्यात रागावण्यासारखं काय आहे, तूच सांग. शिवाय व्याही पहिल्यांदाच येणार, लिफ्ट सहा महिने बंद, चार मजले चढायचे, जिन्यात प्रत्येकाचा निळा ड्रम, आणि तो खालचा… ते असो. मुद्दा पाण्याचा होता.

आता अमृताने संप केलाय. "मावशीचं केळवण पहिलं. नाहीतर मी कुणाकडेच जेवायला जाणार नाही." चौदा घरं अडकलीत, ताई. मी रोज कुणाला ना कुणाला काहीतरी सांगतेय.

पाकिटात तिळगुळाच्या दोन वड्या घातल्यात. पोस्टात चुरा झाला तर चमच्याने खा. खाल्ल्यावर कसं वागायचं असतं, ते लहानपणी तूच मला शिकवलंयस.

तुझी,
सौ. विनिता
(शिक्षिका, निवृत्त; बहीण, चालू)


कोपरी
सोमवार, १९ जानेवारी २०२६

ताई,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस, बसून वाच. आणि भावोजींना मोठ्याने वाचून दाखवू नकोस. म्हणजे, पहिलं पान दाखव.

तुझं उत्तर नाही. वड्यांचा चुरा झाला असणार.

काल मुलुंडच्या जाऊबाईंकडे टाइमटेबलातलं पहिलं केळवण होतं. अमृताने सकाळी फोन करून सांगितलं, "काकू, माझं नाक ब्लॉक झालंय, ताप येईलसं वाटतंय." पाच मिनिटांनी होणाऱ्या जावयाचा, कमलेशचा फोन, त्याचंही नाक ब्लॉक. जाऊबाई काय ओळखत नाहीत होय! पण त्यांनी बारा माणसांचं श्रीखंड करून ठेवलेलं. शेवटी मी आणि सुदेश दोघंच गेलो आणि चौघांचं जेवलो. माझ्यापुढेच रांगोळी काढली त्यांनी, एकोणसाठाव्या वर्षी! सुदेशला म्हणाल्या, "आता तुम्ही उखाणा घ्या भावोजी." त्याने घेतलासुद्धा. काय घेतला ते लिहीत नाही.

तर आजची गोष्ट. आज विहीणबाईंबरोबर मानपानाच्या साड्या घ्यायला नौपाड्यात गेलेले. तुला माहितेय, मला त्या जयाबाईंचा पहिल्यापासून धाक वाटतो. कोपरीतलं जुनं घराणं, एके काळी मिठागरं आणि शेती, आता तिथेच सात मजल्यांची बिल्डिंग, कमलेशच्या आजोबांच्या नावाची. सगळ्यात वर हे राहतात. मनगटात त्या जाड पाटल्या. बोलतात मात्र अगदी त्यांच्या गावच्या बोलीत, कुणाची भीडभाड नाही. त्यांच्यासमोर मी उगीचच शुद्ध बोलायला लागते, वर्गात इन्स्पेक्टर आल्यासारखी.

दुकानात गादीवर बसलो, साड्यांचा ढीग समोर. एक जांभळी मांडीवर पसरून त्या म्हणतात, "ही तुमच्या थोरल्या भैनीला शोभंल. त्यांच्याकडचं केळवण कवा हाय? मना कुनी तारीखच सांगली नाय."

मी हातातली साडी उगीच उलटीपालटी केली. मग मी सुरू झाले. म्हटलं, अहो त्याचं काय आहे, ताईकडे दिव्याला पाण्याचे फार हाल, बिल्डिंगही जरा तशीच, तुम्हाला कशाला उगीच त्रास, म्हणून आपण सगळ्यांचं हॉलमध्ये एकत्र…

त्यांनी साडीची घडी घातली. माझ्याकडे बघितलं. रागाने नाही गं, रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "मना कसला तरास? माजं म्हायेर दिव्याचंच हाय. लगीन होईपर्यंत मीच पानी भरलंय तिथं."

ताई, मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. दुकानातला माणूससुद्धा साड्या मांडायचा थांबला.

अख्ख्या साखरपुड्यात मी त्या बाईला सगळं विचारलं. मुलाचं ऑफिस, मजला कितवा, डायबेटिस आहे का, देवघर कुठल्या दिशेला. माहेर कुठलं, हे विचारलंच नाही. लग्न पोरांनीच जमवलेलं, बायोडेटा आलेला नाही, मामाकूळ कळायला वाव नाही. पण तू विचारलंस! शेजारी बसून दहा मिनिटांत तुला कळलं, की दिवा गावात ज्या विहिरीवर त्या पाणी भरायच्या ती तुझ्या खिडकीतून दिसते. आता बुजवलीय म्हणे. तेव्हाच तुमच्या दोघींचं ठरलं, दुपारी तुझ्याकडे जेवायचं आणि संध्याकाळी त्यांच्या भावाकडे चहा. जयाबाई महिनाभर त्या जेवणाची वाट बघतायत. आणि मी त्यांना दिव्याला न्यायचं नाही म्हणून हॉल बुक करून बसलेय!

पण मला खरं लागलं ते पुढचं. त्या म्हणाल्या, "मी नंदाताईला फोन केलता. त्या बोलल्या, आमची विनू तारखा लावतेय, ती बाई टाइमटेबलाला लय पक्की, कळवंल तुमाला." एवढंच बोललीस तू. मला ब्लॉक केल्यावर चार दिवसांनी. 'आमची विनू' म्हणालीस.

मी साडीच्या दुकानात रडले. मानपानाची पैठणी भिजली, ती आता घ्यावीच लागली.

हे मागच्या पत्रात लिहायला पाहिजे होतं, लिहिता लिहिता टिंबं टाकून पळाले. तुला ती टिंबं दिसली असणार, तुझ्या डोळ्यांतून काय सुटतं! मुद्दा पाण्याचा नव्हता, ताई. मला लाज वाटली. जयाबाई पाटल्या सावरत तुझा जिना चढतायत, ड्रमला धक्का लागतोय, खालच्या मजल्यावर तो माणूस बनियनवर दात घासतोय, दारात तू हंडा-कळशी मांडून ठेवलीयस, हे चित्र मी मनाशी बघितलं आणि मला लाज वाटली. तुझी नाही म्हणायला गेले तर तेही खोटंच होईल. तुझ्या घराची वाटली, म्हणजे तुझीच ना. त्यावर मी पाण्याचं निमित्त घातलं, तुझ्या गुडघ्यांचं घातलं, आणि छान टाइमटेबल केलं. 'इतर'मध्ये कोण होतं माहितेय? टिटवाळ्याचा तो मामेभाऊ ज्याचं नाव आपल्याला दरवेळी विचारावं लागतं, आसनगावच्या बेबीआत्या, आणि सुदेशच्या ऑफिसातले चौघं. त्यांच्या ओळीत मी माझ्या सख्ख्या बहिणीला बसवली.

आणि माझं स्वतःचं केळवण कुठे झालं होतं? तुझ्याकडे! कोपरला, डोंबिवलीच्या अलीकडे, त्या एका खोलीत, चौऱ्याण्णव साली. नळ बाहेर, सामाईक. तू पाटाभोवती रांगोळी काढलेलीस, केळीचं पान मिळालं नाही म्हणून ताटाखाली कर्दळीचं घातलेलंस. पुरणपोळी दुसऱ्यांदा वाढलीस आणि पाणी संपलं. सगळ्यांचे हात तसेच. भावोजी उठले ते नव्या सफारीतच, पलीकडच्या बिल्डिंगमधून खांद्यावर कळशी घेऊन आले, अर्धी सफारी भिजलेली. दारात उभे राहून म्हणाले, "वाजंत्री नाही मिळाली, वरात समजून घ्या." हसून हसून माझ्या नाकात वरण गेलं. सुदेशच्या आई होत्या की तिथे, त्यांची ती पहिलीच भेट. मला काडीची लाज वाटली नव्हती. उलट शाळेत स्टाफरूममध्ये महिनाभर सांगत होते, माझ्या केळवणाला पाणी वाजतगाजत आलं म्हणून. ती मुलगी कुठे गेली, ताई? नळाला चोवीस तास पाणी आलं आणि माणूस एवढं बदलतं?

बाबांनी अख्ख्या चाळीला संडास दाखवला. आणि मी माझ्या बहिणीचं घर लपवलं. बाबा असते तर मला दाराबाहेर उभी केली असती.

अमृताला आज हे सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडेल. ती बोटाने गादीवर रेघा मारत म्हणाली, "मला माहीत होतं, आई. म्हणून तर संप केला." आपली पोरं आपल्याला ओळखून असतात गं. मग म्हणाली, "आता हेच मावशीला लिही. मेसेज जाणार नाही, ते बरंच झालं. मेसेजमध्ये तू चार फुलं आणि हात जोडलेले टाकले असतेस."

तर लिहिलं. चुकलं माझं. तू थोरली, तुझा मान पहिला, तो मी माझ्या हाताने शेवटच्या ओळीत नेऊन ठेवला. जुनं टाइमटेबल फाडलं. फाडलं म्हणजे कॉम्प्युटरवरून काढलं, पण छापलेला एक कागद होता तो खरंच फाडला. नव्यात एकच ओळ आहे, बाकी सगळी घरं थांबतील: 'केळवण पहिलं. नंदाताई, दिवा.' तारखेची जागा रिकामी ठेवलीय, ती तू भर. रविवारी ब्लॉक असला तरी चालेल, सुदेश म्हणाला. सुदेश म्हणाला, ह्याच्यावरून समज!

आणि ऐक. मी निघताना वीस लिटरचा कॅन घेईन म्हणून सुदेशने डोक्याला हात लावून ठेवलाय. नाही घेणार. पेपर प्लेटा नाही आणणार, बिसलेरीची बाटली नाही, काहीच नाही. तू भरून ठेवलेलं असेल तेच पिईन. मागून पिईन.

बोलावशील ना?

तुझ्याकडे पाणी प्यायला येणारी,
विनू


दिवा (पूर्व)
शुक्रवार, २३ जानेवारी

विनू,

दोन्ही पत्रं मिळाली. वड्यांचा चुरा झाला नव्हता. ह्यांनी दोन्ही खाल्ल्या, डॉक्टरने गोड बंद केलंय तरी.

'इतर' वाचलं तेव्हा मी पाणीच भरत होते. हंडा खाली ठेवला तो बराच वेळ उचलला नाही. पाणी वाहून गेलं. एवढंच सांगते. पुन्हा काढणार नाही.

पत्र ह्यांनी हातातून ओढून दुसरं पानही वाचलं. सफारीचं वाचून हसले, मग चष्मा पुसत बसले. म्हणाले, मेव्हणीला सांग, सफारी अजून आहे, पोटावर बसत नाही.

तुझ्या फळ्यावर एक राहिला. आमच्या दारावर बिल्डरने 'रूम नं. ४०२' लावलेलं. राहायला आलो त्या दिवशी ह्यांनी ते काढून रंगाने 'ब्लॉक नं. ४०२' लिहिलं. बाबांना आवडलं असतं म्हणून. आठ वर्षं झाली. तू सतरा वेळा आलीयस, कधी वाचलं नाहीस. आता वाच.

ब्लॉक काढणार नाही. लग्न होईपर्यंत तरी नाही. पत्रं बरी लिहितेस. फोनवर नुसती गुड मॉर्निंग आणि फुलं येतात तुझी.

केळवण रविवारी, एक तारखेला. जयाबाईंना फोन केलाय, त्या शनिवारीच भावाकडे येऊन राहतायत. जाऊबाईंनाही घेऊन ये, त्यांचं श्रीखंड फुकट गेलं. अमृताला सांग, नाक उघडं ठेव, आळूवडी आहे.

रिकाम्या हाताने आयती जेवायला येणार म्हणतेस ते मात्र चालणार नाही. पाणी सव्वासहाला येतं, पाऊण तास असतं. पहाटेची गाडी पकड, सहाच्या आत ये. ह्यांना उचलायला बंदी आहे आणि भरायला दोघी लागतात.

जुनी साडी नेसून ये. नवी पिशवीत आण.

ताई